कर्करोगाची आनुवंशिक तपासणी: बेळगावातील एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

गेल्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आमच्या अक्काला, वयाच्या ४८व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी उपचाराच्या कागदांबरोबर आणखी एक चिठ्ठी दिली आणि बेळगावातील एका खाजगी रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस चालणाऱ्या आनुवंशिक समुपदेशन केंद्राकडे आम्हाला पाठवले. त्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्हा तिन्ही भावंडांची तेथे तपासणी झाली. खानापूर, निपाणी, चिकोडी आणि पलीकडच्या चंदगड भागातून पुष्कळ मराठी कुटुंबे उपचारासाठी बेळगावला येतात, पण अशी काही सेवा येथे मिळते, ती कोणासाठी असते आणि तिच्यातून नेमके काय हाती लागते, हे त्यांतल्या फारच थोड्यांना ठाऊक असते. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

सुरुवात मात्र दुसऱ्याच एका सेवेपासून करावी लागेल, कारण तिने आमचे नुकसान केले. निदानाच्या दोन वर्षे आधी माझ्या भाच्याने आईसाठी घरपोच येणारी लाळेची तपासणी मागवली होती. सुमारे सात हजार रुपये घेऊन त्या कंपनीने रंगीत पानांचा एक अहवाल पाठवला. त्यात केस गळण्यापासून हृदयविकारापर्यंत सर्व काही होते आणि एका पानावर ‘स्तनाचा कर्करोग: सरासरीपेक्षा कमी धोका’ असे हिरव्या अक्षरांत लिहिले होते. अक्काने त्या एका ओळीवर विसंबून मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांची क्ष-किरण तपासणी, पुढे ढकलली. त्या अहवालाचा अर्थ काय होता, हे आम्हाला समुपदेशन केंद्रात गेल्यावरच कळले. माणसामाणसांच्या डीएनएमध्ये, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक मजकुरात, एकेका अक्षराचे लाखो फरक असतात. त्यांतील काही फरकांमुळे कर्करोगाचा धोका किंचित वाढतो, तर काहींमुळे किंचित कमी होतो. त्या कंपनीने अशा काही निवडक फरकांची बेरीज करून एक आकडा काढला होता. हे शास्त्र खोटे नाही, पण अशा बेरजेसाठी वापरलेली माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असते आणि ती आपल्याकडच्या माणसांना जशीच्या तशी लागू पडत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या थोड्या जनुकांमध्ये मोठा बिघाड झाल्यास धोका कित्येक पटींनी वाढतो, ती जनुके त्या तपासणीत मुळापासून वाचलेलीच नव्हती. घराचा दरवाजा न उघडता बाहेरूनच आत सर्व ठीक आहे असे सांगण्याचा तो प्रकार होता. कोणत्याही कुटुंबाने कर्करोगासाठी अशा तपासणीवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

समुपदेशन केंद्रात याच्या नेमके उलटे घडले. पहिल्या दिवशी रक्ताचा थेंबही घेतला गेला नाही. आठशे रुपये शुल्क आणि सव्वा तास चाललेले बोलणे, एवढेच त्या दिवशी झाले. समुपदेशक मॅडम कन्नड भाषिक आहेत, पण बेळगावी मराठी त्या सहज बोलतात. त्यांनी अक्काला ‘मावशी’ म्हणून शेजारी बसवून घेतले, एक मोठा कागद पुढे ओढला आणि आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची वंशावळ काढायला सुरुवात केली. पुरुषासाठी चौकोन, स्त्रीसाठी वर्तुळ, आजारी माणसाचे चिन्ह भरून काळे, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ. प्रत्येकाबद्दल त्या विचारत: कोणत्या अवयवाचा आजार, कितव्या वर्षी झाला, एका बाजूला की दोन्ही बाजूंना, विडी किंवा तंबाखू होती का, नात्यात लग्न झाले आहे का. आपल्या सीमाभागात मामाच्या किंवा आत्याच्या घरात मुलगी देण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे, त्यामुळे हा शेवटचा प्रश्न येथे नुसता औपचारिक नसतो. काही आनुवंशिक आजार आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच प्रकटतात, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते. आमच्या आजोबांचे लग्न मामेबहिणीशी झाले होते, म्हणून कागदावर त्या दोघांना जोडणारी रेघ दुहेरी काढली गेली.

माझ्या मते या सेवेचे खरे मोल याच सव्वा तासात आहे. कारण घराण्याचा आजार घरच्या भाषेत दडलेला असतो. आमची आत्या ५२व्या वर्षी गेली तेव्हा मी शिक्षण संपवून नुकताच बाहेर पडलो होतो, आणि घरात सगळे एवढेच म्हणत की तिच्या ‘पोटात पाणी झाले होते’. आम्हीही तेच सांगितले. मॅडमनी तो शब्द तसाच सोडून दिला नाही. पोट कधीपासून फुगले, पाळी गेली होती का, कोठे नेले होते, कागद कोणाकडे असतील, असे त्या विचारत राहिल्या. मिरजेला नेले होते, हे अक्काला आठवले. पुढच्या रविवारी आम्ही आत्याच्या येळ्ळूरच्या घरी गेलो, तेव्हा तिच्या थोरल्या मुलीने पत्र्याच्या पेटीतून ती जुनी फाईल काढून दिली, आणि तिच्यात अंडाशयाच्या कर्करोगाची नोंद स्पष्ट होती. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा कर्करोग आणि त्याच रक्तातल्या दुसऱ्या स्त्रीला झालेला अंडाशयाचा कर्करोग, हे दोन एकत्र आले की तपासणी करावी असा संकेत आहे. पेटीतला तो कागद मिळाला नसता तर अक्काच्या वंशावळीत एकच काळे वर्तुळ दिसले असते.

येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो, कारण तो आमच्या घरातही होता. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग आनुवंशिक असेल तर तो आईच्या बाजूनेच येणार, असे आम्ही समजत होतो आणि आमच्या आजोळी असे काहीच नव्हते. परंतु ज्यांच्या बिघाडामुळे हे कर्करोग घराण्यात येतात ती बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही मुख्य जनुके साध्या गुणसूत्रांवर असतात, स्त्रीपुरुष ठरवणाऱ्या गुणसूत्रांवर नव्हे. बीआरसीए-१ हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे, तर बीआरसीए-२ तेराव्या. त्यामुळे बिघडलेली प्रत वडिलांकडून मुलीला आणि आईकडून मुलाला सारख्याच शक्यतेने मिळते, म्हणजे प्रत्येक अपत्याला निम्मी शक्यता. आमचे वडील साठाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. त्यांना एकच बहीण होती आणि तीच ही आत्या. ज्या घराण्यात मुली कमी आणि मुलगे जास्त, तेथे हा बिघाड पिढ्यानुपिढ्या गाजावाजा न करता पुढे सरकत राहतो. मी हायस्कूलमध्ये वीस वर्षे मेंडेलचे वाटाणे, म्हणजे आनुवंशिकतेचे नियम, शिकवत आलो आहे. तोच नियम माझ्या वडिलांच्या आणि आत्याच्या रक्तातून चालत आला होता, हे त्या कागदावर पाहताना माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

जनुक नेमके काय करते, हे मॅडमनी ज्या रीतीने समजावून सांगितले ते मी वर्गात आता तसेच सांगतो. वडिलांचा व्यवसाय विचारताना आमचे वडगावातले यंत्रमाग त्यांच्या कानावर आले होते. त्या म्हणाल्या, ‘मावशी, मागावर ताण्याचा धागा तुटला की तो जोडणारा माणूस लागतो. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएचे धागे रोज तुटतात, आणि बीआरसीए-२ हा ते नीट जोडणारा माणूस आहे. प्रत्येक पेशीत असे दोघे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. काही घराण्यांत जन्मतःच एकच कामाचा असतो. तो एकटाही काम निभावतो, म्हणून तरुणपणी काही कळत नाही. पण एखाद्या पेशीत पुढे तोही निकामी झाला, की तिथे तुटलेले धागे कसेही चिकटवले जातात, आणि चुकांवर चुका साचत जातात.’ अक्काने लहानपणी आईबरोबर मागावर बसून धागे जोडलेले आहेत. तिने पुढे एकच प्रश्न विचारला, की मग आजार रक्तातून येतो की धोका येतो. धोकाच येतो, आजार नव्हे, असे उत्तर मिळाले. मला वाटते, त्या क्षणापासून तिची भीती थोडी कमी झाली.

त्याच बैठकीत मॅडमनी हेही निक्षून सांगितले की सर्व कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच अशा एखाद्या मोठ्या आनुवंशिक बिघाडामुळे होतात. बाकीच्यांमागे वय, तंबाखू, दारू, काही विषाणू, स्थूलपणा आणि केवळ योगायोग अशी अनेक कारणे असतात. स्तन आणि अंडाशय यांच्याप्रमाणे मोठे आतडे आणि गर्भाशय यांच्या कर्करोगाचीही घराणी असतात. तेथे एमएलएच-१, एमएसएच-२ यांसारखी जनुके बिघडलेली असतात, आणि डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या अक्षरांच्या चुका दुरुस्त करणे हे त्यांचे काम असते. टीपी-५३ हे जनुक बिघडलेल्या घराण्यांत तर लहान मुलांपासून निरनिराळे कर्करोग दिसतात. कोणत्या घराण्यात कोणती जनुके पाहायची, हे वंशावळीवरून ठरते.

तपासणीचा भाग त्या मानाने अगदी साधा आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत थोडे रक्त घेतात आणि ते बेंगळुरूच्या प्रयोगशाळेत जाते. अक्काच्या तपासणीत अनेक जनुके एकदम वाचली गेली, त्यासाठी आम्हाला १८,५०० रुपये पडले आणि अहवालाला चार आठवडे लागले. केंद्राचा एक नियम मला फार योग्य वाटला: घरात आजारी व्यक्ती हयात असेल तर पहिली तपासणी तिचीच करायची. मी उत्साहाने माझे रक्त आधी द्यायला निघालो होतो. मॅडमनी मला थांबवले. निरोगी माणसात काही सापडले नाही, तर त्याला घराण्यातला बिघाड मिळालाच नाही की तो बिघाड या तपासणीला दिसतच नाही, हे सांगता येत नाही. आजारी व्यक्तीत बिघाड सापडला की मग इतरांमध्ये तेवढा एकच ठिपका शोधायचा असतो, आणि तो खर्चही पुष्कळ कमी असतो. आम्हा दोघा भावांना प्रत्येकी ४,००० रुपये लागले.

आता तक्रारीचा भाग, आणि तो लहान नाही. ठरल्याप्रमाणे अहवाल दुसऱ्या बैठकीत समोरासमोर सांगायचा होता. प्रत्यक्षात तो त्याच्या आदल्या संध्याकाळी भाच्याच्या मोबाईलवर आला. इंग्रजीतली अकरा पाने, पहिल्याच पानावर लाल चौकटीत ‘पॅथोजेनिक’, म्हणजे रोगकारक, हा शब्द, आणि नंदगडच्या घरी अक्का, भाऊजी आणि एकवीस वर्षांचा मुलगा. त्या रात्री भाच्याने मला तीन वेळा फोन केला आणि मी त्याला काहीही नीट सांगू शकलो नाही. बिघाड आपल्या शरीरात आणखी एक कर्करोग असल्याची खूण आहे, असा त्या घराचा समज झाला होता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी मनापासून क्षमा मागितली. प्रयोगशाळेची यंत्रणा नोंदवलेल्या क्रमांकावर अहवाल आपोआप पाठवते, असे त्यांनी सांगितले. कारण काहीही असो, जी सेवा समजावून सांगण्यासाठीच आहे तिच्यात हे घडता कामा नये. जे कोणी तपासणीला जातील त्यांनी रक्त देतानाच, अहवाल थेट मोबाईलवर पाठवू नये, असे अर्जावर लिहून द्यावे. मी माझ्या वेळी तसे केले आणि त्यांनी ते पाळले.

दुसरी बैठक दीड तासाची झाली. अक्काच्या बीआरसीए-२ मध्ये दोन अक्षरे गळाली आहेत, त्यामुळे पुढचे सगळे वाचन सरकते आणि प्रथिन अर्धवट तयार होते. बीआरसीए-१ मध्ये बिघाड असलेल्या स्त्रियांना ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि अंडाशयाच्या कर्करोगाची सुमारे ४४ टक्के आढळली आहे, तर बीआरसीए-२ साठी हेच आकडे सुमारे ६९ आणि १७ टक्के आहेत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातले हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य कुटुंबांचे आहेत, याची जाणीव मॅडमनी आपणहून करून दिली. त्यांनी शंभर ठिपक्यांचा एक तक्ता पुढे ठेवला आणि हे आकडे संपूर्ण आयुष्याचे आहेत, येत्या वर्षाचे नव्हेत, हे बोटाने दाखवून सांगितले. पुढचा सल्लाही तितकाच नेमका होता. मुले झाल्यावर, बीआरसीए-२ च्या बाबतीत साधारण ४० ते ४५ वर्षांच्या दरम्यान, अंडाशय आणि अंडवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो, कारण अंडाशयाचा कर्करोग लवकर ओळखण्याची खात्रीची चाचणी आजही नाही. अक्काने ते वय ओलांडले होते. केमोथेरपी संपल्यावर तिने ती शस्त्रक्रिया करून घेतली. दुसऱ्या स्तनासाठी तिने शस्त्रक्रियेऐवजी दरवर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी हा मार्ग निवडला, आणि तो निर्णय तिचा तिने घेतला. मॅडमनी दोन्ही मार्ग सांगितले, पण कोणत्याही एका बाजूला ढकलले नाही. या बिघाडाचा एक उपयोगही होऊ शकतो. ओलापॅरिबसारखी औषधे पेशीतला दुरुस्तीचा दुसरा रस्ता रोखतात, आणि ज्या पेशीत बीआरसीएचा रस्ता आधीच बंद आहे ती त्यामुळे मरते. अक्काला तूर्त त्याची गरज नाही, पण पुढे पडलीच तर हा अहवाल उपयोगी पडेल.

अहवालात आणखी एक ओळ होती, आणि कच्च्या समजुतीचा माणूस तिच्यामुळे फार घाबरू शकतो. एटीएम नावाच्या दुसऱ्या जनुकात ‘अर्थ अनिश्चित’ असा एक बदल सापडला होता. जनुकातले बदल पाच गटांत मांडले जातात. एका टोकाला निरुपद्रवी आणि दुसऱ्या टोकाला रोगकारक, आणि मधल्या गटातल्या बदलांबद्दल पुरेसा पुरावा अजून नसतो. भारतीय लोकांच्या जनुकांची माहिती जागतिक संग्रहांत कमी असल्यामुळे आपल्याकडच्या अहवालांत असे बदल अधिक दिसतात. त्यांच्यावरून शस्त्रक्रिया ठरवायची नाही आणि नातेवाइकांचीही तपासणी करायची नाही, कारण पुढे पुरावा जमल्यावर त्यांतले बहुतेक निरुपद्रवीच ठरतात. दर दोन वर्षांनी केंद्राकडे चौकशी करावी, एवढेच सांगितले गेले. हा भाग मॅडमनी वीस मिनिटे घेऊन समजावला नसता, तर आमच्या घरात आज दोन जनुकांची भीती असती.

नंतर आम्हा दोघा भावांची तपासणी झाली. धाकटा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत आहे. त्याच्यात हा बदल नाही. घराण्यातला बिघाड नेमका माहीत असताना तो एखाद्यात न सापडणे, याला पूर्ण अर्थ असतो: त्याचा धोका चारचौघांइतकाच, आणि त्याच्या दोन्ही मुलींना हा बिघाड त्याच्याकडून जाणार नाही. हे ऐकून तो रडला, आणि बराच वेळ माझ्याकडे पाहायला तयार नव्हता, कारण माझ्यात तो बदल आहे. पुरुषालाही स्तन असतो आणि त्यालाही हा कर्करोग होतो. सर्वसाधारण पुरुषाला तो हजारात एखाद्याला होतो, तर बीआरसीए-२ मध्ये बिघाड असलेल्या पुरुषाला शंभरात सुमारे सात जणांना. प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. मला महिन्यातून एकदा स्वतः छाती तपासायला शिकवले आहे आणि दरवर्षी पीएसए ही रक्ततपासणी करायला सांगितले आहे. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिची तपासणी आताच करा, असा आग्रह मी धरला होता. मॅडमनी तो मानला नाही. स्तनांची विशेष तपासणी साधारण २५व्या वर्षापासून सुरू होते, त्यामुळे घाईने काही साधणार नाही, आणि ती सज्ञान आहे तेव्हा हा निर्णय तिचा आहे, बापाचा नाही, असे त्या शांतपणे म्हणाल्या. घरी येताना मला राग आला होता. आज त्यांचेच बरोबर होते असे मला वाटते.

केंद्राच्या प्रामाणिकपणाचा आणखी एक दाखला द्यायला हवा. माझे साडू निपाणीचे आहेत. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही तोंडाच्या कर्करोगाने गेले, आणि आमचे ऐकून त्यांनीही तपासणीसाठी पैसे जमवले. मॅडमनी त्यांचीही वंशावळ काढली. दोघेही तीस-तीस वर्षे तंबाखू मळून खात होते आणि साडूंना स्वतःलाही ती सवय आहे. तंबाखूतले विषारी घटक निष्प्रभ करणाऱ्या जनुकांत माणसामाणसांत फरक असतात, उदाहरणार्थ जीएसटीएम-१ हे जनुक अनेकांमध्ये जन्मतःच नसते, परंतु त्या फरकांचा परिणाम तंबाखूच्या परिणामापुढे फार लहान आहे, असे त्यांना सांगण्यात आले. रक्त घेतले नाही. तोंड उघडून पाहण्यासाठी त्याच इमारतीतल्या दंतवैद्यांकडे पाठवले आणि तंबाखू सोडवण्याच्या विभागाचा कागद हातात दिला. अठरा हजारांचे गिऱ्हाईक असे परत पाठवणारी सेवा विश्वासाला पात्र आहे.

उणिवा आणखी दोन आहेत. समुपदेशनाची खोली बिलाच्या खिडकीला लागून आहे आणि मधली भिंत लाकडी आहे. आपल्याकडे मुलीचे लग्न ठरताना घराण्याचा आजार किती काळजीपूर्वक झाकला जातो, हे लक्षात घेता या खोलीतले शब्द बाहेर ऐकू येणे ही गंभीर बाब आहे. दुसरे, संमतिपत्र फक्त कन्नड आणि इंग्रजीत आहे. अक्का मराठी शाळेत शिकली. मॅडमनी तिला एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली, पण ज्या कागदावर आपण सही करतो तो स्वतः वाचता यावा, ही अपेक्षा रास्त आहे. नातेवाइकांना द्यायचे माहितीपत्रकही इंग्रजीतच आहे. मी त्याचे मराठीत दोन पानी रूप तयार करून दिले आणि मॅडमनी ते वैद्यकीय दृष्टीने तपासून दुरुस्त केले.

त्या पत्रकाच्या पहिल्या दोन प्रती आत्याच्या मुलींना गेल्या. वंशावळीवर त्यांची वर्तुळे अजून कोरी आहेत, आणि आत्यात हा बिघाड होता असे धरले, तर दोघींपैकी प्रत्येकीला तो मिळालेला असण्याची शक्यता निम्मी आहे. थोरली येळ्ळूरहून येत्या गुरुवारी केंद्रात येणार आहे, मी तिच्यासोबत जाईन. धाकटी पुण्याला असते. तिने पत्रक वाचल्याचे कळवले आहे, पण अजून काही ठरवलेले नाही.